बागेतला छोटा ट्रॅक्टर पुन्हा कामाला लावताना

बरीच वर्षं उभा असलेला ट्रॅक्टर चालू करायचं ठरलं की घरातलं कोणीतरी नवी बॅटरी आणतं, कॅनमधलं डिझेल ओततं आणि चावी फिरवतं. हे होऊ देऊ नका. आत काय झालंय ते न बघता सेल्फ मारला, तर सिलिंडरमध्ये धरलेला गंज पिस्टनच्या रिंगा खराब करतो, टाकीच्या तळाचा गाळ थेट डिझेल पंपात जातो आणि उंदरांनी सोललेल्या वायरी एकमेकींना चिकटून धूर निघतो. सगळं नशिबानं नीट झालं, तरी लोक लगेच पाण्याचा फवारा मारून ट्रॅक्टर धुतात. मग तो ज्यानं वीस-पंचवीस वर्षं चालवला त्याच्या खुणाही पाण्याबरोबर जातात. या खुणांचं मोल भावनेपुरतं नसतं. इंजिन खोलताना त्या उपयोगी पडतात.

आमचा ट्रॅक्टर म्हणजे मित्सुबिशी शक्ती. कागदावर त्याचं नाव एमटी १८० डी आहे, पण आमच्या नाशिक जिल्ह्यात निफाड-दिंडोरीकडे तसं कोणी म्हणत नाही, नुसतं ‘मित्सुबिशी’ म्हणतात. बंगळूरची व्ही.एस.टी. ही १९६७ सालची कंपनी. जपानच्या मित्सुबिशीच्या तंत्रावर तिनं हा ट्रॅक्टर इथे बनवला. पाण्यानं थंड राहणारं तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन आणि ताकद साडेअठरा हॉर्सपॉवर. द्राक्षबागेत दोन ओळींमध्ये आठ-नऊ फुटांची वाट असते, वर मांडवाच्या तारा, बाजूला ठिबकच्या नळ्या. त्या वाटेतून मोठा ट्रॅक्टर नेला की काड्या मोडतात. हा छोटा मात्र मांडवाखालून फवारणीचा ब्लोअर ओढत सरळ जातो. आमच्या भागातल्या कितीतरी बागा याच ट्रॅक्टरनं फवारल्यात.

नाना, म्हणजे माझे वडील, गेल्यावर तो शेडमध्ये उभा राहिला. दादानं फोर व्हील ड्राइव्हचा नवा छोटा ट्रॅक्टर घेतला होता, त्यामुळे जुन्याची गरज पडेना. भंगारवाला किलोचा भाव सांगून गेला, तेव्हा आईनं मला फोन केला. मी सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, यंत्रं खोलणं हा माझा रोजचा धंदा. “तू बघ आधी, मग काय ते ठरवा,” एवढंच ती म्हणाली. दर रविवारी पिंपळगाव बसवंतजवळच्या आमच्या गावी जाऊन मी तो उभा केला. तुमच्या शेडमध्ये दुसऱ्या कंपनीचा ट्रॅक्टर असेल किंवा पॉवर टिलर असेल, तरी क्रम जवळपास हाच राहील.

हात लावण्याआधी

पहिला दिवस फक्त बघण्यात घालवा. हातात काठी आणि टॉर्च हवी. शेडमधल्या ट्रॅक्टरखाली साप असू शकतो, बोनटखाली गांधीलमाश्यांचं पोळं असू शकतं. सायलेन्सरच्या तोंडात आणि हवेच्या पाइपात कुंभारमाशी मातीचं घर बांधते. हे सगळं अंधारात हात घालण्याआधी बघून घ्या. आमच्या सायलेन्सरवर नानांनी पत्र्याचा डबा उपडा घातला होता, म्हणून पावसाचं पाणी त्या वाटेनं आत गेलं नव्हतं. तुमच्या ट्रॅक्टरवर असं काही झाकण नसेल, तर इंजिन जाम असण्याची शक्यता गृहीत धरूनच पुढे चला.

मग सगळ्या बाजूंनी फोटो काढा. प्रत्येक वायर कुठून कुठे जाते, प्रत्येक पाइप कोणत्या क्लॅम्पनं आवळलाय, कुठल्या बोल्टाखाली वॉशर आहे, सगळ्याचे फोटो हवेत. त्याच वेळी अक्षरंही टिपून घ्या. डाव्या मडगार्डच्या आतल्या बाजूला नानांनी ऑईलपेंटनं ‘१-१-१००’ लिहिलं होतं. बोर्डो, म्हणजे द्राक्षावर फवारायचं बुरशीनाशक मिश्रण, त्याचं हे एक टक्क्याचं माप: एक किलो मोरचूद (तांब्याचं निळं मीठ), एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. अवजारांच्या पेटीच्या झाकणावर खिळ्यानं ओरखडून तारखा आणि पुढे ‘ऑ’ किंवा ‘फि’ लिहिलेलं होतं. ऑईल किंवा फिल्टर बदलल्याची ती नोंद. दर वर्षी एक तारीख खंडेनवमीची आणि एक एप्रिलमधल्या द्राक्षाच्या खरड छाटणीच्या आसपासची. ती यादी वाचल्यावर मला कळलं की हे इंजिन झिजून बंद पडलेलं नाही, चालता चालता थांबवलेलं आहे. त्यामुळे हेड उतरवण्याचा विचार मी बाजूला ठेवला. अशी नोंद तुमच्याकडेही असेल. फवारणीची वही, देव्हाऱ्यातली डायरी, पार्टच्या दुकानाच्या जुन्या पावत्या, सगळं शोधा. शेवटची क्लचप्लेट कधी टाकली हे एका पावतीवरून कळतं आणि मोठा खर्च वाचतो.

सीटकडेही बघा. नानांच्या सीटचा स्पंज उजव्या अंगाला दबलेला होता. डावा हात स्टिअरिंगवर, उजवा सीटच्या कडेवर आणि मान मागे वळवून ब्लोअरच्या नोझलांवर नजर. प्रत्येक छाटणीनंतर तासन्‌तास ते असे बसायचे. मांडवाची तार डोक्याला लागू नये म्हणून वाकायचे ते वेगळंच. वर्षानुवर्षं असा चालवलेल्या ट्रॅक्टरचं स्टिअरिंग ढिलं झालेलं असू शकतं. म्हणून पुढच्या एक्सलचे दोन्ही बाजूंचे जोड बघा.

काय धुवायचं, काय ठेवायचं

घराघरात यावरूनच वाद होतात. माझं मत सांगते. ज्यानं लोखंड खाल्लं जातंय ते काढायचं, ज्यावर कोणाचा जीव अवलंबून आहे ते नवं घालायचं, उरलेलं राहू द्यायचं.

मडगार्डवरचे बोर्डोचे निळे ओघळ आईला तसेच हवे होते. मीही ते धुणार नव्हते. पण मोरचुदाचं काम बोर्डो करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. मिश्रण तयार झालं की नाना त्यात विळ्याचं पातं बुडवायचे. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी टाकायचा. तो थर म्हणजे तांबं. ते लोखंडावर बसतं तेव्हा तेवढंच लोखंड विरघळून जातं. चुना कमी पडलेला ओघळ मडगार्डच्या सांध्यात किंवा बोल्टाखाली साचला की तिथे वर्षानुवर्षं हेच चालू राहतं. आमच्या मडगार्डचे दोन बोल्ट असेच बारीक झाले होते, पान्यानं धरताच डोकी तुटली. म्हणून सांधे, बोल्ट, वायरींचे जोड आणि बॅटरीचं खोकं मी चुन्याच्या निवळीनं आणि मग साध्या पाण्यानं ब्रश मारून स्वच्छ केलं, वाळवलं आणि तिथे गंजरोधक प्रायमर लावला. सपाट भागावरचा निळा डाग आणि मापाची अक्षरं कोरड्या फडक्यानं पुसली आणि वरून रंगहीन लॅकरचा हात दिला. पूर्ण ट्रॅक्टर रंगवू नका. नव्या रंगाखाली गळतीही दिसत नाही आणि अक्षरंही जातात.

पेडलवरची रबरं मात्र बदलली. नानांच्या टाचेनं क्लचचं रबर एका कोपऱ्यात आरशासारखं गुळगुळीत झालं होतं. ओल्या चपलेनं त्यावरून पाय घसरला तर ट्रॅक्टर थांबणार नाही. ते रबर आईनं तिच्या पेटीत ठेवलंय. दसऱ्याच्या पूजेचं कुंकू बोनटच्या जाळीवर थरांनी साचलं होतं, ते तसंच आहे. माळेचा दोरा काढला, कारण तो पंख्याच्या अगदी जवळ लोंबत होता.

इंजिन हातानं फिरतं का

आता कामाला लागू. गिअर न्यूट्रलला टाका, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, बॅटरीची तार सोडा. क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावा आणि पुढून बघताना घड्याळाच्या दिशेनं हळूहळू ताण द्या. फिरलं तर दोन पूर्ण फेरे होऊ द्या. तीन सिलिंडरच्या इंजिनात दोन फेऱ्यांमध्ये तीनदा जड लागून सुटायला हवं. तिन्ही वेळा सारखा जोर लागला तर कॉम्प्रेशन बरं आहे. एखादी वेळ हलकी गेली तर त्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह अडकलेला असू शकतो. टॅपेट कव्हर उघडून फेरा देताना प्रत्येक रॉकर खाली-वर होतो का ते बघा.

फिरलं नाही तर जबरदस्ती नको. लांब पाइप लावून पाना दाबणं किंवा गिअरमध्ये टाकून दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढणं, दोन्हीनं रिंगा तुटतात. नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग, काढा, त्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये अर्धं डिझेल अर्धं इंजिन ऑईल असं थोडं थोडं सोडा आणि मुरू द्या. रोज संध्याकाळी पान्यानं पुढे-मागे किंचित ताण द्यायचा, हलकेच, पुन्हा मुरू द्यायचं. बरीच इंजिनं आठवडा-दोन आठवड्यांत सुटतात. सुटल्यावर नोझल न बसवताच काही फेरे द्या, म्हणजे साचलेलं तेल बाहेर पडतं. ते सिलिंडरमध्ये राहिलं आणि वर नोझल बसवून सेल्फ मारला, तर पिस्टनला तेल दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. फेरे देताना भोकांच्या समोर उभं राहू नका. नोझल परत बसवताना खालची तांब्याची वॉशर नवीनच घाला.

ऑईल आणि पाणी

डिपस्टिक काढून ऑईल बोटांवर घ्या. काळं असलं तरी हरकत नाही. दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. ते हेड गॅस्केटमधून आलेलं असेल किंवा उभ्या इंजिनात वर्षानुवर्षं दव धरून साचलेलं असेल. पातळी खुणेच्या वर गेलेली असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर डिझेल आत उतरतंय आणि पंपाकडे बघावं लागेल. काहीही असो, जुनं ऑईल पूर्ण काढा, फिल्टर बदला आणि पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचं नवं ऑईल खुणेपर्यंत भरा. आम्ही १५डब्ल्यू४० घातलं. काढलेलं ऑईल बांधावर ओतू नका. एक लिटर ऑईल कितीतरी पाणी खराब करतं, आणि विहीर आपलीच असते.

रेडिएटरची दोन दुखणी असतात. बाहेरून पात्यांमध्ये धूळ, गंधकाची पूड आणि उंदराचे केस अडकून हवा जायची थांबते. पंख्याच्या बाजूनं पाण्याची हलकी धार सोडून ते पुढे काढायचं. जोराच्या फवाऱ्यानं पाती झोपतात. आतून बोअरच्या जड पाण्याचा थर धरतो. रेडिएटर साफ करायचं औषध टाकून इंजिन चालवावं लागतं, पण ते इंजिन चालू झाल्यानंतरचं काम आहे. आत्ता फक्त जुनं पाणी सोडा, वरचा आणि खालचा रबरी पाइप दाबून बघा. तडतडला तर बदला. पुढे कूलंटच वापरा. आमच्याकडे हिवाळ्यात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा दोन-तीन अंशांवर आला की सगळ्या महाराष्ट्रात निफाडची बातमी होते. त्या रात्री मणी तडकू नयेत म्हणून लोक बागेत शेकोट्या करतात, पहाटे ठिबक सोडतात. त्या थंडीत पहाटे ट्रॅक्टर लागायचा असतो, म्हणून थंड इंजिन पेटावं यासाठी आतून गरम करणारे ग्लो प्लगही तपासून ठेवा. मल्टिमीटरनं प्रत्येक प्लगचा रोध मोजा. चांगल्या प्लगचा एक-दोन ओहमच्या आत येतो, तुटलेल्याचा काहीच येत नाही. आमच्या तीनपैकी एक गेलेला होता.

डिझेल आणि हवा

बहुतेक जुने ट्रॅक्टर इथेच अडतात, म्हणून या कामाला वेळ द्या.

टाकी उतरवा. जुनं डिझेल पारदर्शक बाटलीत घेऊन उजेडात धरा. तळाशी पाण्याचा थर आणि त्यावर काळी बुळबुळीत साय दिसेल. डिझेल आणि पाणी जिथे भेटतं तिथे जंतू वाढतात, ती त्यांची साय. हे डिझेल ट्रॅक्टरमध्ये परत घालू नका. टाकी थोड्या ताज्या डिझेलनं खळखळून धुवा. तळाला गंज असेल तर आत स्वच्छ बारीक खडी आणि डिझेल घालून हलवा, मग खडी मोजून बाहेर काढा. टाकीच्या तोंडाशी आणि पाइपाच्या जोडात बारीक जाळ्या असतात, त्या उघडून बघा. फिल्टर नवा. रबरी डिझेल पाइप सगळे नवे, नोझलवरून परत टाकीकडे जाणारे बारीकसुद्धा. त्यांतून डिझेल गळत नाही असं वाटतं, पण हवा आत ओढली जाते आणि चालतं इंजिन मधेच मरतं. मग माणूस पंपाला दोष देतो.

पंप स्वतः खोलू नका. त्यातल्या भागांमधलं अंतर केसापेक्षाही कमी असतं, धुळीचा एक कण पुरतो. फक्त एक गोष्ट बघा. इंजिन बंद करायची दांडी ओढल्यावर पंपावरचा लिव्हर खरंच हलतो का, आणि सोडल्यावर जागेवर येतो का? अडकला असेल तर बाहेरून गंज सोडवायचा स्प्रे मारून बोटांनी मोकळा करा. तरीही मोकळा झाला नाही तर पंप चांगल्या डिझेल पंपवाल्याकडे न्या. तो मोकळा होईपर्यंत इंजिन चालू करायचं नाही. का ते पुढे येईलच.

नोझल मी टेस्टिंगला दिली. मशीनवर प्रत्येकाचा फवारा डोळ्यांनी बघितला. फवारा धुक्यासारखा हवा, थेंब टपकायला नकोत. फिटर मला म्हणाले, “ताई, तुमच्या वडिलांनी ही दोनदा माझ्याकडेच आणली होती. उभं राहून बघायचे, असेच.” मग त्यांनी मला नानांच्या सवयीची एक गोष्ट सांगितली. टाकी अर्ध्याच्या खाली येऊ द्यायची नाही आणि संध्याकाळी काम संपलं की टाकी भरूनच ट्रॅक्टर लावायचा. रिकाम्या टाकीत रात्री दव धरतं, भरलेल्यात धरायला जागा नसते. तेव्हापासून मीही हेच करते.

आता एअर, म्हणजे डिझेलच्या पाइपांत अडकलेली हवा, काढायचा. टाकीत ताजं डिझेल भरा. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करा आणि हातपंपाचा दांडा मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग धार. धार आली की पंप मारता मारताच स्क्रू आवळा. मग हेच डिझेल पंपावरच्या स्क्रूला. शेवटी तिन्ही नोझलांचे वरचे नट एक-एक फेरा सैल करा, दांडी बंदच्या जागेवरून मोकळी करा आणि इंजिन फिरवा. डिझेल उसळून यायला लागलं की नट आवळा. एक ताकीद मनापासून देते: चालू नोझलच्या किंवा फुटक्या पाइपाच्या धारेसमोर हात धरू नका. तिथला दाब चौरस सेंटिमीटरला शंभर किलोच्या पुढे असतो. धार कातडी भेदून आत जाते, वरून टाचणीएवढी जखम दिसते आणि आत मांस कुजायला लागतं. असं झालं तर घरी हळद लावत बसू नका, त्याच तासाला दवाखाना गाठा.

वायरी आणि क्लच

वायरिंगसाठी फार लिहीत नाही. कुरतडलेली प्रत्येक वायर बदला, नुसती टेप गुंडाळू नका. बॅटरी आणि सेल्फ यांच्यामध्ये कट-ऑफ स्विच टाका. अर्थिंगची पट्टी जिथे सांगाड्याला लागते तिथला रंग आणि गंज घासून काढा. सेल्फ ‘टक’ करून गप्प बसण्याचं कारण बऱ्याचदा तिथेच सापडतं. चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी मीटरवर साडेबाराच्या वर दिसते. पुढे इंजिन चालू असताना ती १४ च्या आसपास दिसली की डायनामो काम करतोय.

क्लच फार वर्षं दाबलेला नसला की प्लेट फ्लायव्हीलला गंजानं चिकटते. पेडल खाली जातं, पण गिअर पडत नाही. पेडल पूर्ण दाबून लाकडाच्या दांड्यानं अडकवून काही दिवस ठेवा. कधीकधी ती तेवढ्यानंच सुटते. नाही सुटली तर इंजिन गरम झाल्यावर जाणत्या मिस्त्रीला बोलवा. मागची चाकं भक्कम ठोकळ्यांवर उचलून तो क्लच-ब्रेकच्या झटक्यानं ती सोडवतो. हे काम एकट्यानं, नुसत्या जॅकवर कधीही करू नका. आमची प्लेट दांड्यानंच सुटली.

पहिला स्टार्ट

पहिल्या स्टार्टला दोन माणसं हवीत. एक सीटवर, दुसरा हवेच्या पाइपापाशी. एअर क्लीनर काढून ठेवा आणि दुसऱ्याच्या हातात पाइपाचं तोंड पूर्ण झाकेल अशी सपाट, जाड फळी द्या. डिझेल पंपाचा लिव्हर उघडा अडकला, किंवा इंजिन स्वतःचंच ऑईल ओढायला लागलं, तर इंजिन पळत सुटतं. चावी काढून ते थांबत नाही. हवा बंद केली तरच थांबतं. तिथे हात लावायचा नाही, फळीच लावायची. शेड उघडी हवी, लहान मुलं लांब हवीत, जवळ वाळूची बादली हवी.

आधी दांडी बंदच्या जागी ओढून सेल्फ थोडा थोडा मारा, ऑईलचा दिवा विझेपर्यंत. सेल्फला मधे विश्रांती द्या. बेअरिंगांपर्यंत ऑईल पोचल्याशिवाय इंजिन पेटायला नको. मग दांडी मोकळी करा, ग्लो गरम होऊ द्या आणि चावी द्या.

पहिला धूर पांढरा येईल आणि डोळ्यांत चुरचुरेल. ते न जळालेलं डिझेल असतं, इंजिन तापत गेलं की तो कमी व्हायला हवा. निळा राहिला तर ऑईल जळतंय. मुरवण्यासाठी टाकलेलं जळून जाईपर्यंत तो दिसेल, पुढेही राहिला तर रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीलं बघायची. काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. तापल्यावरही पांढरा धूर येत असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर इंजिन थांबवा, गॅस्केट गेलेलं आहे. आमचा एका सिलिंडरवर अडखळला, मग दुसरा धरला, मग तिसरा. आई ओट्यावरून उठून शेडपर्यंत आली आणि म्हणाली, “त्यांचा आवाज याहून बारीक असायचा.” म्हणजे नाना आयडल, इंजिन नुसतं चालू असतानाचा वेग, खाली ठेवायचे. दुसऱ्या रविवारी टॅपेटचं अंतर पुस्तिकेप्रमाणे लावलं आणि आयडल तिच्या कानानं जुळवलं. मीटरवर बघितलं तर आकडा पुस्तिकेतल्या मर्यादेतच बसला. घरात अशा कानांचं माणूस असेल तर त्याला शेजारी बसवा. कोणता आवाज नेहमीचा आणि कोणता नवा हे मीटरपेक्षा त्याला लवकर कळतं.

बागेत नेण्याआधी

गिअरबॉक्सचं आणि हायड्रॉलिकचं ऑईल बदला. दोन्ही ब्रेक सारखे लागतात का ते मोकळ्या जागेत बघा. टायरच्या बगलांत तडे गेले असतील आणि आतले धागे दिसत असतील तर टायर नवे. नक्षी कितीही शिल्लक असली तरी ते चालवू नका.

पीटीओच्या, म्हणजे ब्लोअरला ताकद देणाऱ्या मागच्या फिरत्या शाफ्टवर झाकण नसेल तर ते बसवल्याशिवाय ब्लोअर जोडू नका. आमच्याकडे बागेत कामाला बायाच जास्त. विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), काड्या वेचणं, सगळं त्याच करतात. पदर, ओढणी, डोक्याचा रुमाल, कशाचंही टोक त्या फिरत्या शाफ्टला लागलं तर सोडवायला वेळ मिळत नाही. जुन्या ट्रॅक्टरांवर हे झाकण बहुधा कधीचं हरवलेलं असतं. आमच्याही हरवलं होतं. सगळ्यात आधी मी तेच मागवलं.

पहिलं काम हलकं द्या. आम्ही शेणखताची छोटी ट्रॉली ओढली, ब्लोअर नंतर लावला. थोडं काम झालं की पुन्हा ऑईल आणि फिल्टर बदला, कारण आतला सुटलेला गाळ पहिल्या ऑईलात उतरतो. नंतर काम नसलं तरी अधूनमधून चालवायचा, आणि चालवला की चांगला तापेपर्यंत चालवायचा. दोन मिनिटांत बंद केला तर सायलेन्सरमध्ये आणि ऑईलात पाणीच साठतं.

राहिले कागद. ट्रॅक्टर वडिलांच्या नावावर असेल आणि ते गेले असतील, तर वारसाच्या नावावर करण्यासाठी आरटीओचा फॉर्म ३१ भरावा लागतो. सोबत मृत्यूचा दाखला, वारसाची कागदपत्रं आणि इतर वारसांची संमती जोडा. नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. ती संपली असेल तर फॉर्म २५ भरून, तपासणी करून नूतनीकरण होतं आणि ते पाच वर्षांचं मिळतं. चासी आणि इंजिनचा नंबर पत्र्यावर नीट वाचता येईल असा साफ करून ठेवा, तपासणीत तोच बघतात. विमा काढा. आमचं आरसी आईच्या नावावर झालंय. पुतणी अठराची झाली की आधी तिचं लायसन्स काढायचं आणि मगच तिनं ट्रॅक्टर रस्त्यावर घ्यायचा. तोपर्यंत तिला फक्त एअर काढायला शिकवतेय.